रोज फक्त तीस मिनिटं

सोमवार, ३ जून. सकाळी ७.१०
येत्या रविवारी चिमी नोकरीसाठी परगावी जाणार. एकुलती एक लेक. म्हणून हा आठवडा तिचा. आजपासून मोबाईल दिवसाला फक्त तीस मिनिटं. फोनमध्येच सोय आहे. वेळ संपली की कुलूप. निर्धार पक्का.

७.५०
निर्धाराची पोस्ट टाकली. 'हा आठवडा लेकीचा.' त्यात चाळीस मिनिटं गेली, पण ती धरायची नाहीत. ते समाजकार्य.

मंगळवार, ४ जून
दुकानात गडबड. मुख्याध्यापिकाबाईंच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या. बाई शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, उजवा हात कुठे घालू?" सत्तावीस वर्षांच्या शिवणकामात हे पहिल्यांदा. कारण उघड आहे. फोन एकदम तोडला की मन सैरभैर होतं. मर्यादा एक तास केली.
चिमीची ऑफिससाठी घेतलेली पँट चार बोटं लांब आहे. "बाबा, तेवढी खालून उचलून द्या ना," म्हणाली. पाच मिनिटांचं काम. उद्या.

बुधवार, ५ जून
पोस्टला दोनशे अकरा लाइक! शहाण्णव जणांनी खाली लिहिलंय. उत्तर न देणं उद्धटपणा ठरेल. एकाने विचारलं, 'सर, वेळेचं नियोजन कसं करता?' मला सर म्हणाला. बायको नुसतं अहो म्हणते, तेही काम असलं तर. त्याला चौदा मुद्द्यांत समजावलं. दुपार संपली.
चिमी डबा घेऊन दुकानात आली होती म्हणे. स्टुलावर तासभर बसली. केव्हा उठून गेली, लक्षात आलं नाही. पँट उद्या नक्की.

गुरुवार, ६ जून. सकाळी ९
रामबाण उपाय. मर्यादेचा पासवर्ड बायकोला ठेवायला लावला. आता दोर कापले.

दुपारी ४
पासवर्ड मागितला. नाही म्हणाली. म्हटलं, अगं, कामाचं आहे. म्हणाली, "पँटही कामाचीच आहे." घरचं माणूस असं टोचून बोलतं, बाहेरच्यांना माझी किंमत कळते.

५.१५
पासवर्ड सापडला. चिमीची जन्मतारीख. चौथ्या प्रयत्नात जमला. वर्ष जरा इकडेतिकडे होत होतं.

शुक्रवार, ७ जून
सकाळी चिमी दुकानात आली. म्हणाली, "बाबा, लहानपणी मांडीवर बसवून मशीन चालवायला द्यायचात, आठवतं?" आठवतं तर! डोळे भरून आले. इतकी सुंदर आठवण वाया जाऊ नये म्हणून लगेच फोनवर लिहायला घेतली. शेवट जमेना. मान वर केली तर तिने स्वतःच मशीनवर बसून पँट उचलून घेतली होती. टीप एकदम सरळ. शेवटी संस्कार माझेच. फोटो काढू का विचारलं. नको म्हणाली. कष्टी दिसली. जायचं दडपण असणार.

शनिवार, ८ जून
दिवसभर बांधाबांध. मायलेकी आतल्या खोलीत हसत होत्या. मी गेलो की गप्प. उद्या फोन घरीच ठेवणार. काळ्या दगडावरची रेघ.

रविवार, ९ जून. सकाळी ८
बस किती वाजता येते ते बघायला फोन लागतो. फक्त त्यासाठी घेतोय.

११.३०
चिमी गेली. स्टँडवर आधी आईच्या गळ्यात पडली. मग माझ्यासमोर आली, माझा हात धरला आणि काहीतरी म्हणाली. बरंच बोलली. मी तेव्हा लाइव्ह होतो. असे क्षण पुन्हा येत नाहीत. घरी जाऊन निवांत ऐकता येईल, हा हिशेब.

दुपारी १
व्हिडिओ पाहिला. एक मिनिट बावन्न सेकंद. दोघंही यावीत म्हणून सेल्फीचा कॅमेरा लावला होता. मी पूर्ण आलोय. कडेला तिचा खांदा आणि अर्धी वेणी. ती बोलायला लागते तिथेच मी म्हणतो, "तर मित्रांनो, ही आमची लेक." ती थांबेपर्यंत मी मित्रांशीच बोलतोय.
अकरा वेळा लावला. 'बाबा' तेवढं कळतं.
बायकोला विचारलं, चिमी काय म्हणाली गं? ती म्हणाली, "तुम्हाला म्हणाली. मी बॅग चढवत होते."

दुपारी ३
चिमीला फोन लावला. पोचेपर्यंत अजून दोन तास. विचारलं, मघाशी काय म्हणालीस? म्हणाली, "काही नाही हो, असंच."
व्हिडिओला तीनशे बारा लाइक. कुणीतरी लिहिलंय, 'भाग्यवान बाप.'
उत्तर दिलेलं नाही.