अकरा दिवस लाल

डेल्फ्ट, ४ ऑगस्ट

ती. आईस लुकेलोचा शि. सा. न.

शेतातल्या ओल मोजणाऱ्या यंत्राच्या दिव्याचा रंग तू फोनवरून कालव्याच्या कचेरीला कळवतेस, तो मला इथे परदेशात पडद्यावर दिसतो. अख्ख्या कालव्यावर निळे ठिपके, म्हणजे जमिनीत ओल भरपूर. आपलं शेत मात्र अकरा दिवस लाल, कोरडं ठणठणीत! यंत्र वारुळात तर पुरलं नाहीस ना? तीनदा लाल आला की पाळीबाहेरचं पाणी मिळतं आणि कचेरीतल्या फेलिस्ताबाई तपासायला येतात. त्या काय म्हणाल्या? इथे दिवसभर माझ्याशी कुणी बोलत नाही, तेव्हा पत्र लवकर धाड.

तुझा लुकेलो

इरिंगा, १५ ऑगस्ट

चि. लुकेलोस आईचे अनेक आ.

फेलिस्ता चारदा आली. गुणी पोर. ती पोचेपर्यंत पाटकऱ्याने पाणी सोडलेलं असतं, म्हणून तिला दिवा निळाच दिसतो. डोकं खाजवते बिचारी. मग मक्याच्या पिठाची उगाली आणि घेवडा खाते, पोटभर हसते, स्वतःच्या आईच्या खोड्या सांगते. परवा ऊन उतरेपर्यंत बसली होती. तुझे बाबा गेल्यापासून या घरात दुसरं ताट वाढलंच नव्हतं. कांद्याला मात्र पाणी जास्त झालंय, मुळाशी चिखल आहे. तू जेवतोस ना वेळेवर?

तुझी आई

डेल्फ्ट, २७ ऑगस्ट

ती. आईस सा. न.

मुळाशी चिखल आणि दिवा लाल? आई, तू खोटा रंग कळवतेस. तुला मिळालं ते पाणी कालव्याच्या टोकाला असलेल्या किहवेलेकाकांच्या पाळीचं होतं. त्यांचा कांदा करपतोय, असं फेलिस्ताबाईंनी तपासणीच्या नोंदीत लिहिलंय. बाबांना खांदा देणारा माणूस तो! मला फार लाज वाटली. यापुढे खरा रंग कळव. रागावून लिहितोय, पण चूक माझीही आहे. रंग रोज बघितला, तुला फोन एकदाही केला नाही.

लुकेलो

इरिंगा, २० सप्टेंबर

चि. लुकेलोस अनेक आ.

पत्र आलं त्याच दिवशी किहवेलेंकडे जाऊन सगळं कबूल केलं. ते वेडी म्हातारी म्हणाले, ते खरंच आहे. माझ्या दोन पाळ्या त्यांना दिल्या. अर्धा कांदा वाचेल म्हणतात. त्यांच्या बायकोने मला बस म्हटलं नाही.

आता खराच रंग कळवते. तो बघून आई बरी आहे असं समजशील, पण तो दिवा जमिनीचं सांगतो रे बाळा, माझं नाही. आज बारावा निळा. कुणी आलं नाही. दुसरं ताट घासून पालथं ठेवलंय.

लोभ आहेच, तोही कळवत जा.

तुझी आई