भोंगा एकच

मंगळवार, संध्याकाळ

आज फिल्टर प्लांटवर क्लोरीन गॅस गळतीचं मॉक ड्रिल होतं. भोंगा मी वाजवला. तो ऐकताच शेजारच्या वस्तीनं दूर पळायचं, असं साहेबांनी ठरवलेलं. पण नळ सोडतानाही मी हाच भोंगा वाजवतो, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही. अख्खी गल्ली पाण्याचे गुंड-कळशा घेऊन फाटकाशी! सगळ्यात पुढं कांताकाकू, पितळेचा रिकामा गुंड कमरेवर.

"काकू, पळून जायचा भोंगा होता हा."

"पळतच तं आली ना मी! पाणी कुठी हाय?"

साहेब म्हणे, दुसरा भोंगा मागवू. कधी येईल कोण जाणे. थकलो बा आज. तो पितळी गुंड काही डोळ्यांपुढून हटत नाही. खरंच गॅस सुटला, त्या दिवशीही काकूच पहिल्या येतील.