मे ते ऑगस्टचे कपडे

हॅलगार्थ, कम्ब्रिया
शनिवार, २४ एप्रिल १९९३

फिलिपावहिनी यांना,

नमस्कार. तुमचं आणि दादाचं लग्न अजून व्हायचंय, पण नुसतं फिलिपा लिहायला मला जमेना, म्हणून वहिनी लिहिलं. आपण भेटलो पण नाही अजून. इकडे आम्ही बरे आहोत. निम्म्याहून जास्त मेंढ्या व्यायल्यात. बाबांचा खुबा तसाच आहे, दोन वर्षांपूर्वी शेतावरची चारचाकी बाईक अंगावर उलटली तेव्हापासून त्यांना डोंगर चढवत नाही. बाकी ठीक.

तुम्ही विचारलंय की मे ते ऑगस्ट चार महिने सगळीकडे चालतील असे थोडेच कपडे सांगा. बाबांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, ‘‘हे तूच लिही. मला काय कळतंय बायकांच्या कपड्यातलं.’’ मला पण फार कळत नाही. शाळा सोडल्यापासून मी दादाच्या जुन्या पँटीच घालते. पण जे माहीत आहे ते लिहिते.

एकच जाड कोट आणू नका. पातळ पातळ तीन-चार कपडे आणा, म्हणजे काढता घालता येतात. इथे मे महिन्यात सकाळी सहाला गवतावर दव गोठून पांढरं असतं, अकराला भिंतीला टेकलं तर दगड गरम लागतो, आणि दोनला पाऊस आडवा येतो. आत लोकरीचा पातळ गंजीफ्रॉक, त्यावर सुती चौकड्यांचा शर्ट, त्यावर स्वेटर. लोकर भिजली तरी ऊब धरते, सुती धरत नाही. त्यावर बिनबाह्यांचं जाकीट, ते सगळ्यात कामाचं, हात मोकळे राहतात. जूनमध्ये स्वेटर जातो, जाकीट राहतं.

पावसासाठी मेणकापडाचा कोट. त्याला साबण लावायचा नाही कधी. गार पाण्याचा फडका फिरवायचा आणि टांगून ठेवायचा. आमच्या शेजारच्या वॉल्टरकाकांच्या सुनेनं लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांचा कोट मशीनमध्ये टाकला. मेण सगळं निघालं, आणि काका आजपण म्हणतात, ‘‘चाळीस वर्षं लागली होती तो वास यायला.’’

जीन्स नको. भिजली की संध्याकाळपर्यंत वाळत नाही आणि मांड्या सोलून निघतात. जाड सुती पँट आणा, मातकट नाहीतर हिरवी. पिवळं काही आणू नका, उन्हाळ्यात सगळे किडे त्यावर बसतात. जुलैत डोंगरावर नेच्याच्या झाडीत फिरायचं असेल तर पँट मोज्यात खोचायची, गोचिड्या असतात. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि एक चामड्याचे, घोट्याच्या वर येणारे. मोजे लोकरीचे, सहा जोड.

आणखी एक. जूनमध्ये पण इथे बर्फ पडतो, म्हणून टोपी, हातमोजे, जाड पांघरूण सगळं आणा. कपडे वाळवायला जागा नाही, त्यामुळे सगळं दुप्पट लागेल. गरम पाणी फक्त शनिवारी असतं. आणि चांगले कपडे अजिबात आणू नका. जुलैत मेंढ्यांचा शो असतो, त्याला सगळे अंगावरच्या कामाच्या कपड्यांतच येतात, चिखलाच्या बुटांसकट.

तुम्ही लिहिलंय की ‘जास्त दिवस राहायची वेळ आली तर’. आठ दिवसांसाठी यायचं असेल तर एवढं काही लागणार नाही, माझंच काही तरी देता येईल. म्हणजे तुम्ही किती दिवसांसाठी येताय ते कळलं तर मला नीट सांगता येईल. बाबा काही बोलत नाहीत.

दादाला सांगा, वरच्या रानाची भिंत पडली होती ती मी लावली.

तुमची,
ब्रायनी


हॅलगार्थ
रविवार, १६ मे १९९३

फिलिपावहिनी यांना,

नमस्कार. तुमचं पत्र आणि पार्सल गुरुवारी मिळालं. जाकीट मला बरोबर बसलं. माझं माप तुम्हाला कसं कळलं माहीत नाही. मला नवीन कपडा कोणी दिला त्याला बरीच वर्षं झाली, म्हणून काय लिहायचं ते सुचत नव्हतं, तीन दिवस गेले.

तुम्ही लिहिलंय की मी सांगितलेलं सगळं घेतलं, दुप्पट घेतलं, आणि दुकानातल्या बाईनं विचारलं की तुम्ही काय उत्तर ध्रुवावर चाललाय का. तेवढंच मी बाबांना वाचून दाखवलं, ते हसले. मी हसले नाही.

वहिनी, जूनमध्ये इथे बर्फ पडत नाही. एकदा पडला होता म्हणतात, मी जन्मले त्या वर्षी. कपडे वाळवायला चुलीवर मोठी फळ्यांची चौकट टांगलेली आहे, रात्रीत सगळं वाळतं. गरम पाणी रोज असतं. आणि शोला सगळ्या बायका त्यांच्यातला चांगला फ्रॉक घालून येतात, केस करून येतात. तुम्ही एकट्याच चिखलाच्या बुटांत आला असता आणि सगळ्यांनी बघितलं असतं. ते मी मुद्दाम लिहिलं होतं. बाकीचं, म्हणजे लोकर आणि जीन्स आणि गोचिड्या, ते खरं आहे.

का लिहिलं ते सांगते. मला वाटलं तुम्ही घाबराल आणि येणार नाही.

हॅलगार्थ आमच्या मालकीचं नाही, हे दादानं सांगितलं असेल. जमीन मालकाची, आम्ही कूळ. मेंढ्यासुद्धा डोंगराच्या, माणसं बदलली तरी त्या इथेच राहतात. बाबांना आता झेपत नाही, म्हणून पुढचं नाव कोणाचं लावायचं ते या उन्हाळ्यात ठरायचंय. मार्चमध्ये मालकाचे कारभारी आले होते, थॉर्नबरोसाहेब. स्वयंपाकघरात बसले, वही काढली. बाबांनी दादाचं नाव सांगितलं, ‘‘नेडचं लिहा. मी त्याला विचारलंय, तो बघायला येतोय.’’ साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘आणि तू गं? तुझं काय म्हणणं?’’

मी म्हणाले, ‘‘चहा देऊ का?’’

एवढंच. शाळेत पण माझं हेच व्हायचं. बाईंनी नाव घेतलं की मी फळा पुसायला उठायचे. पंधराव्या वर्षी शाळा सुटली तेव्हा सगळ्यांना वाटलं बाबांच्या खुब्यामुळे सोडली. थोडं खरं आहे. पण खुबा नसता तरी मी सोडलीच असती, मला इथेच राहायचं होतं. त्या दिवशी साहेबांनी चहा घेतला, बिस्किट घेतलं, आणि ‘जूनमध्ये येतो’ म्हणून गेले. मग महिन्याभरानं तुमचं पत्र आलं, मे ते ऑगस्टचे कपडे.

आता कालचं सांगते. काल दुपारी एका मेंढीचं कोकरू मेलं. खालच्या कोंडवाड्यात एक बिनआईचं होतं. अशा वेळी आम्ही मेलेल्याचं कातडं काढून पोरक्याला अंगरख्यासारखं घालतो, पाय चार भोकांतून बाहेर. मेंढी वास घेते, आपलंच समजते आणि पाजते. हे मी शंभरदा केलंय. पण काल वारा गार होता आणि मी तुमचं नवं जाकीट घातलं होतं, एकदा तरी घालून बघावं म्हणून. कातडं घातलेलं कोकरू मी जाकिटाच्या आत छातीशी धरून घरामागे मेंढीकडे नेलं.

मेंढीनं वास घेतला आणि त्याला भिंतीवर उडवलं. परत लावलं, परत उडवलं. बाबा काठी टेकत आले, वाकले, कोकराला हुंगलं.

‘‘दुकानाचा वास येतोय याला,’’ म्हणाले. ‘‘लग्नाला चाललंय काय हे? काढ ते अंगातलं.’’

कोणीही पोर करणार नाही अशी चूक. मी जाकीट कुंपणावर टाकलं, कातडं सोडवलं, मेंढीच्या दुधात आणि तिच्याखालच्या गवतात चांगलं चोळलं आणि पुन्हा घातलं. बाबांनी मेंढीचं डोकं धरलं, मी कोकराच्या तोंडात आचळ दिलं. असं आम्ही तासभर बसलो असू. मग बाबा म्हणाले, ‘‘नेड आला की हे तुलाच शिकवावं लागेल त्याला. विसरला असेल तो.’’

आम्ही दोघंही मेंढीकडे बघत होतो. एकमेकांकडे बघत असतो तर मला जमलं नसतं.

मी म्हणाले, ‘‘मला पाहिजे.’’

‘‘काय पाहिजे?’’

‘‘हे. हॅलगार्थ. माझं नाव लावा.’’

बाबांनी मेंढीच्या डोक्यावरची पकड बदलली. मग म्हणाले, ‘‘मग साहेबांपुढे का नाही बोललीस?’’

‘‘पाणी उकळत होतं.’’

ते नाकातून हसले. मग म्हणाले, ‘‘पोरी, मी समजलो तू लग्न करून जाशील कुठे तरी. तुला कधी विचारलंच नाही मी.’’ आणि थोड्या वेळानं, ‘‘नेडला मी शब्द दिलाय. आता मी मागे घेणार नाही. तो स्वतः नको म्हणाला तर तुझं नाव लावीन, आणि आनंदानं लावीन. लिही त्याला.’’

‘‘तुम्ही लिहा ना.’’

‘‘पाहिजे तुला. तू लिही.’’

कोकरू प्यायला लागलं. मेंढीनं त्याची शेपटी हुंगली आणि उभी राहिली.

दादा पत्राला उत्तर देत नाही हे तुम्हालाही माहीत असेल. नाताळात मी लिहिलं होतं त्याचं अजून आलेलं नाही. म्हणून तुम्हाला लिहितेय. आणि खोटं पण मी तुम्हालाच सांगितलं होतं. तुम्ही मागच्या पत्रात लिहिलंय की बाबांनी विचारल्यापासून तो गप्प गप्प असतो, नोकरीचं काही ठरवत नाही, आणि विचारलं तर ‘म्हाताऱ्याला नाही कसं म्हणू’ एवढंच म्हणतो. मी ते चार वेळा वाचलं. त्याला यायचं नाही असा मी अर्थ लावला. पण मला जे पाहिजे तेच मी वाचत असेन, म्हणून त्याला सरळ विचारा. हे पत्र त्याला वाचून दाखवा, सगळं, बर्फाचं पण.

तुम्हाला मात्र इथे यायचंय हे मला कळतं. कुंडीत वाटाणे लावल्याचं लिहिलंय तुम्ही, आणि सकाळी खिडकीतून नुसती भिंत दिसते ते लिहिलंय. त्याचं मला वाईट वाटतं. पण तरी मी माझं म्हणणं मागे घेत नाही. मी रोज विचार करून बघते की हे दुसऱ्या कोणाचं झालं तर मी काय करीन, आणि मला पुढे काही दिसत नाही. मला दुसरं काही येत पण नाही.

दादाला खरंच पाहिजे असेल तर त्यानं तसं लिहावं. मग मी त्याला सगळं दाखवीन, कुठली भिंत कच्ची आहे, कुठली मेंढी कुंपण मोडते, आणि सप्टेंबरनंतर दुसरीकडे काम बघीन. रुसणार नाही. रुसले तरी कोणाला कळू देणार नाही.

त्याला नको असेल तरी तुम्ही दोघं या. उन्हाळाभर राहा. मागची खोली रिकामीच आहे, तिथली खिडकी डोंगराकडे आहे. कपड्यांचं म्हणाल तर पांघरूण आणि हातमोजे परत करा, दुकानदार घेईल. शोसाठी एक फ्रॉक आणा, निळा असेल तर निळा.

थॉर्नबरोसाहेब शुक्रवारी ४ जूनला येणार आहेत, त्याच्या आधी कळवा. चार तारखेला मी अठराची झालेली असेन, वाढदिवस एक तारखेला असतो. काहीही ठरलं तरी साहेबांशी मी बोलणार आहे. पाठ करून ठेवलंय काय बोलायचं ते, सहाच शब्द आहेत: मलाही हॅलगार्थ पाहिजे, हे वहीत लिहा.

या घरात सगळी पत्रं बाबांच्या नावानं येतात. हे उत्तर मात्र माझ्या नावानं पाठवा, पाकिटावर पूर्ण नाव घाला. पोस्टमन फाटकाशी ते नाव घेऊन हाक मारेल. मी जाऊन घेईन.

तुमची नणंद,
ब्रायनी ॲग्नेस रेल्फ
हॅलगार्थ