पूर्ण वाक्यात उत्तर

मु. बाळकुम, शिमग्याच्या तोंडावर

राजमान्य राजश्री नामाजी मेव्हणे यांस नाथाचा दंडवत. तुमची, वहिनींची आणि लंगड्या बैलाची प्रकृती बरी असावी. तुमची बहीण तुळसा दिवाळीला म्हणून आंबिवलीस आली, ती अजून तिकडेच आहे. तीही बरी असेलच. (तिला परत बोलावण्यासाठी हे पत्र नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.)

आमच्या मिठागरवाल्या घरात मास्तर होऊ घातलेला मी पहिलाच. ठाण्याच्या वर्गात आम्हांस शिकवतात की, मास्तराने स्वतः काही सांगू नये. सोपे प्रश्न विचारावे, उत्तर पूर्ण वाक्यात घ्यावे आणि मग 'शाबास, बस खाली' म्हणावे. सराव तर हवा, आणि घरची माणसे आयती मिळतात, म्हणून मी घरातच आरंभ केला. डोक्यावर हंडा घेतलेल्या आईला सूर्य कोठे उगवतो ते विचारून 'शाबास, बस खाली' म्हणालो. (ती बसली नाही. पुढचे लिहीत नाही.) दारात आलेल्या आवडाबाई कोळणीच्या टोपलीतला बोंबील उचलून हे काय आहे म्हणून विचारले, तर ती म्हणाली, "मास्तर, डोले गेले का र तुजे?"

तुळसाने मात्र पुष्कळ सोसले. त्या दिवशी तिने ताट वाढले आणि मी भाकरी हातात धरून विचारले, हे काय? भाकर, म्हणाली. पूर्ण वाक्यात सांग, म्हटले. तेही सांगितले. कशाची? तांदळाची. तांदूळ कोठून येतो, असे विचारताच तिने माझ्यासमोरचे ताटच उचलले. "तुमाला सगला ठाव हाय, मंग मना कशाला इचारता? मी जेवले का, ता कंदी इचारलाव?" खरेच, कधी विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी ती तुमच्याकडे आली. तेव्हापासून भाकरी गोड लागत नाही.

परवा शाळा तपासणाऱ्या डिपोटीसाहेबांपुढे माझा परीक्षेचा पाठ झाला, देवळातल्या शाळेत. विषय मीठ. मीठ कशापासून होते, असे मी विचारले. सगळी पोरे मिठागरावरची. माझी कीव येऊन एकमेकांकडे बघू लागली. शेवटी धाकू हळूच म्हणाला, "मास्तर, तुमाला नाय ठाव?" मी पुढचे सगळे प्रश्न विसरलो. तोंडातून एवढेच निघाले, "धाकू, तू काल का नाही आलास?" हे मात्र मला खरोखर ठाऊक नव्हते. त्याची गाय व्याली होती. मग वासराच्या रंगाची गोष्ट निघाली, दुसऱ्याच्या शेळीची निघाली, सगळा वर्ग एकदम बोलू लागला आणि मीठ राहिले बाजूला. मी मनात म्हटले, आता आपण घरी! पण साहेबांनीच वासराचे नाव विचारले. जाताना म्हणाले, "तुमचा पाठ बिघडला तेव्हा चांगला झाला." मी पास झालो.

वडीलधाऱ्यांस दंडवत, लहानांस आशीर्वाद. बैलास जपावे.

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. हे पत्र तुळसाला वाचून दाखवू नये, तिच्याच हाती द्यावे. तिला वाचता येते. (मीच शिकवले. ठाण्याच्या वर्गात जाण्याच्या आधी.)

आणखी एक. तुळसा, तू जेवलीस का? आणि कधी येतेस? मला दोन्ही ठाऊक नाही. उत्तर पूर्ण वाक्यात नसले तरी चालेल.