हिरड्याखालचा डबा

३ जाने., शुक्र.
आमचे गटप्रमुख जोशीसर यांचा मेसेज. जिओकॅशिंगवाल्यांचा, म्हणजे डबे लपवणाऱ्या-शोधणाऱ्यांचा, यंदाचा मेळावा संगमनेरात, १२ला. आणि 'सर्वांचा आवडता डबा' हे बक्षीस माझ्या हिरड्याखालच्या डब्याला! पुण्या-नाशिकचे लोक मोबाईलवर ठिकाण लावून अकोले तालुक्यातल्या डोंगरात आमच्या आत्याच्या वाडीवर चढून गेले, डबा शोधला, आतल्या कागदावर नाव लिहिलं, एक वस्तू घेतली, एक ठेवली, पुन्हा होता तसा लपवून आले. ज्या डोंगराकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, तिथे!
भाषण लिहायला घेतलं. 'शहर आणि डोंगर यांतलं अंतर'... फार मोठं वाटतंय. पाहू.

५ जाने.
घरी फोन. अण्णा दुधाचा टेम्पो लावून नुकतेच आत आले होते. "डबं लपवायचं बक्षीस? मंग आमच्या लहानपनी आमाला का न्हाई दिलं कुनी?" आणि हसत सुटले. आई मागून: "माजा स्टीलचा डबा हाय त्यो. परत आन."
मेळाव्याला या म्हटलं. दूध कोण घालील, म्हणाले. पण गल्लीत सांगून आले असणार. घरातली पहिली पदवीधर झाले तेव्हा पेढे वाटायला अख्खी सकाळ लावली होती.

१२ जाने., रवि.
सकाळ छान गेली. मंगल कार्यालय, मिसळ, जिलेबी. इथे माणसं एकमेकांना डब्यांवरून ओळखतात. नाशिकच्या एक काकू: "त्या हिरड्यावाल्या तुम्हीच का? अहो, झाडाखाली मोबाईल भरकटतो तिथे. कधी इकडे दाखवतो, कधी तिकडे. गरगरा फिरवलंत आम्हाला झाडाभोवती!" सगळ्यांची हीच तक्रार. म्हणूनच मतं पडली म्हणे.
बक्षिसाआधी पुण्याचा रोहन उठला. म्हणाला, याच डब्याची एक गंमत दाखवतो. पडद्यावर हिरडा. बुंध्याजवळच्या दगडाला हळदकुंकू. एक बाई झाडाला प्रदक्षिणा घालतेय. खाली बसली, दगड सारला, डबा काढून कपाळाला लावला, आत बत्तासे ठेवले.
रोहनचा आवाज: "मावशी, हा कुठला देव?"
"नवा हाय. पुन्याची लोकं गाड्या घिऊन येत्यात, झाडाला फेऱ्या मारत्यात, वाकून डब्यात काय काय ठिवत्यात. उगं येतील व्हय एवढी शिकलेली मानसं? मी बी बोलले त्याला. माज्या भाचीला नोकरी लागू दे म्हनलं."
आत्या.
सभागृह हसलं. मीही हसले. मागाहून नाही, सगळ्यांबरोबरच.
मग शाल, श्रीफळ. सर म्हणाले, "अश्विनीने नुसता डबा नाही लपवला, देव वसवला!" टाळ्या. मी लिहून नेलेलं भाषण जसंच्या तसं म्हटलं. 'खेड्यातल्या माणसांना आपण जवळून ओळखलं पाहिजे' हे वाक्यसुद्धा.

१३ जाने.
क्लासवर शिकवताना दोनदा चुकीचं गणित फळ्यावर लिहिलं. शाल पेटीत. नारळ घरमालकीणबाईंना दिला.
फेऱ्या. मोबाईल भरकटतो म्हणून मारलेल्या फेऱ्या. लांबून बघणाऱ्याला दुसरं काय दिसणार? मी तरी काय समजले असते?
वाडीवर जाते तेव्हा आत्याच्या ओट्यावर बसून बायांना सांगते, नवस-बिवस काही नसतं, अभ्यास लागतो. आणि तिथून हाकेच्या अंतरावर...

१५ जाने.
सरांचा फोन. "डबा काढावा लागेल. पूजा होते तिथे डबा ठेवायचा नाही, हा आपला नियम. शिवाय त्या बायांना कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं. त्या वाडीत ओळखीचं कुणी आहे का तुझ्या?"
म्हटलं, फारसं नाही.


१९ जाने., रवि.
सकाळच्या एसटीने अकोले, पुढे जीप. डबा काढायचा आणि आत्याला सगळं सांगायचं, असं ठरवून.
आत्या भात पाखडत होती. मला बघून सूप तसंच टाकलं आणि हात धरून थेट हिरड्याकडे. "चल. तुज्यासाठी बोलले मी हितं. तुज्या नोकरीच्या परीक्षेचा निकाल लागला की पुरनाचा निवद हाय." दगडावर आता बांगड्या, लाल फडकं, कुणीतरी चार बाजूंनी दगड रचलेत. "हात जोड."
जोडले. माझ्या स्वतःच्या डब्याला.
परतताना तीच बोलली. "रोशनीनं दावलं मला मोबाईलवर. त्या पुन्याच्या पोरानं टाकलंय. लई लोक हसत्यात म्हनं." रोशनी म्हणजे तिची सून.
मी वाटेवर आलेली फांदी बाजूला केली.
"हसू दे. त्यांचं काय जातंय." मग, "संगमनेरला मोठ्या पडद्यावर बी दावलं म्हनं. तू जातीस ना त्या डोंगर हिंडनाऱ्या लोकांत? व्हतीस तिथं?"
"होते."
आत्याचा चेहरा एकदम उजळला. "मंग सांगितलंस का त्यास्नी, ही माजी आत्या म्हून?"
खोटं बोलता आलं असतं. तोंडात आलंही होतं.
"नाही."
ती चालत राहिली. मी मागे. दारापाशी आल्यावर तिने सूप उचललं, पुन्हा खाली ठेवलं.
"गर्दी आसंल मोठी," म्हणाली. "चा टाकते."
डबा तिथेच आहे. तो कुणाचा, हे तिला सांगितलं नाही. सरांचे दोन फोन येऊन गेले, उचलले नाहीत.
गर्दी नव्हती, आत्या. आणि माईक माझ्याच हातात होता.