ओला भारा वर

बाबा, गवताच्या भाऱ्यावरून तुम्ही मला चार माणसांत झापलं होतं, ते मी विसरले नाही. वडपे गावच्या आपल्या माळावर तेव्हा गवतच होतं. तबेलेवाला ट्रक घेऊन आलेला आणि मी ओला भारा मुद्दाम तळाला दडपलेला. तुम्ही तो ओढून वर ठेवलात, त्याच्यासमोर सोडलात. "वल्ला भारा वरती ठेवायचा. गिऱ्हाइकाच्या आधी आपला हात लागला पायजेल. दडवलास तं त्याच्या म्हशीला कळंल, मंग तो परत येनार न्हाय." मला वाटलं, या माणसाला धंदा कळत नाही. चार दिवस बोलले नाही तुमच्याशी.

आता त्या माळावर गोदाम आहे, आत सोलरचे पॅनल. जर्मनीची कंपनी पाठवते, आपण सांभाळायचे, ती सांगेल तिथं रवाना करायचे. मला त्यांची भाषा येत नाही, तरी दोन वर्षं बरं चाललंय. मागच्या महिन्यात माल एकदम आला, जागा कमी. एकावर एक दोनच पेट्या, असं चित्र पेटीवर छापलंय. आपली माणसं कापडाच्या गाठी रचणारी, थप्पी उंच दिसली की खूश. तिसरी चढली. आठ दिवसांनी बघते तर खालच्या पेट्या दबलेल्या. उघडून पाहिलं, काच धड. पण कंपनीच्याच माणसानं शिकवलं होतं, आतल्या आत बारीक तडा जातो, डोळ्याला दिसत नाही, वीज मात्र कमी बनते. आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची बाई पुढच्या तीन वर्षांचा करार करायला येणार.

मुकादम म्हणतो, "मॅडम, काच तो अच्छी है. पेटी बदल देते हैं. पहले साइन होने दो."

"आणि लोकांच्या छपरावर वीज नाही बनली, तर तिथं तू पेटणारेस का?"

बोलले खरी, पण तासभर मलाही पटलं होतं. करार गेला तर वीस माणसं घरी.

सकाळी दबलेल्या पेट्या दारातच ठेवायला लावल्या. बाईनं चहा घ्यायच्या आत बोट दाखवलं. तिसरी पेटी चढली होती, आत तडे असतील, हे मी सांगून टाकलं. सोबतची पुण्याची बाई ते तिला तिच्या भाषेत सांगत होती. जर्मन बाईनं वाकून पेटी दाबून पाहिली. मी म्हटलं, गेलं. मग तिनं विचारलं, "आम्हाला दिसलं नसतं. का सांगितलंत?" म्हटलं, "आमच्यात ओला भारा वर ठेवतात." पुण्याच्या बाईला तरी कुठं कळतंय! तिला गवतापासून समजावलं. जर्मन बाई हसलीबिसली नाही. या पेट्या तपासणीला पाठवा म्हणाली, आणि दोनच्या वर तिसरी दिसली तर करार बंद, हे कागदात घातलं. मग सही केली. तिची गाडी फाटकाबाहेर पडली तशी मी ओट्यावर बसले आणि एकापाठोपाठ दोन चहा प्यायले. आदल्या दिवसापासून पहिल्यांदा चहाला चव लागली.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? कराराच्या फाईलीत ठेवते. एक राहिलं. तिसरी पेटी माणसांनी आपल्या मनानं नव्हती चढवली. मीच ओरडले होते, "चढवा वर, किती वेळ लावताय!" बाईला मात्र म्हणाले, आमच्या माणसांकडून झालं. मुकादम शेजारीच उभा होता. तेवढा एक भारा अजून तळालाच आहे, बाबा.