उजव्या चाकाची पिन

फुप्फुसांचा रोग आता मागे फिरणार नाही, असे आज सकाळी डॉक्टरीणबाईंनी मला तोंडावर सांगितले. डोके मात्र ठणठणीत आहे, असे त्यांनी मी मागितल्यावर लेखी दिले. तो कागद सोबत जोडला आहे. 'दादाला शेवटी भ्रम झाला होता' असे म्हणायची धाकट्या भावाला सोय राहू नये, एवढ्यासाठीच तो घेतला.

मी, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा गाड्यांचा मिस्त्री, बिनलग्नाचा, राहणार गॅरेजमागची खोली, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली नव्हे तर स्वतःच्या रागाने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. यापूर्वी केले नव्हते, यानंतर दुसरे करणार नाही.

कलम पहिले, हत्यारे. पाने, जॅक, ऐरण, ग्रीस गन आणि बॉल जॉइंट काढायचा पुलर हे सर्व पुतणीला द्यावे. ती धाकट्याची मुलगी, पण हात माझ्या वळणावर गेला आहे. कमानपाट्यांचे यू-बोल्ट आवळले की आठवड्याने गाडी परत बोलावते आणि पुन्हा आवळते. गिऱ्हाईक कितीही कुरकुरले तरी सोडत नाही. स्टिअरिंगचा दांडा चाकाशी जिथे जोडतात तिथला नट फिरू नये म्हणून त्यातून एक पिन घालून तिची टोके वाकवतात. पुतणी ही पिन दर वेळी नवी घालते. एकदा मी मुद्दाम म्हटले, "अगं, जुनीच सरळ करून घाल की." तर म्हणाली, "मोठेकाका, वाकलेली तार सरळ केली की तिच्यात जीव राहत नाही. परीक्षा घेताय होय माझी?" पुढे जे लिहितो आहे ते वाचून तिला त्रास होईल. तिची क्षमा मागतो. दुसऱ्या कोणाची मागत नाही.

कलम दुसरे. माझ्या खाटेखाली एक पोते आहे. त्यात स्पेअर पार्टवाल्याने अस्सल म्हणून विकलेले आणि दोन महिन्यांत फाटलेले रबरी बुश आहेत. ते त्याच्या काउंटरवर, दुकानात गर्दी असताना ओतावेत.

कलम तिसरे. भावजयीला भिंतीवरचे घड्याळ. 'आणतेच हं, भाऊजी' आणि चहा यांत किती वेळ जातो, ते तिलाही कळू दे.

कलम चौथे, म्हणजे मुख्य. आवारात उभी असलेली जुनी पिकअप.

आमच्या वडिलांनी पद्धत घालून दिली होती. पुढच्या चाकांच्या कामाला दोघे भाऊ गाडीखाली एकदम शिरणार. डावे चाक माझे, उजवे त्याचे. दुसऱ्याच्या बाजूला हात लावायचा नाही, म्हणजे चूक कोणाची हे विचारावे लागत नाही. ही पद्धत घराबाहेर कोणाला ठाऊक नव्हती.

एकोणीस वर्षांपूर्वी ही पिकअप दूधवाल्याची होती. स्टिअरिंग ढिले म्हणून त्याने आणली. आम्ही दांड्याची दोन्ही टोके बदलली. दुकानापर्यंत चालायचा कंटाळा म्हणून धाकट्याने उजवीकडे जुनीच पिन सरळ करून घातली. चौथ्या दिवशी वळणावर उजवे चाक भलतीकडे गेले, गाडी भिंतीवर आदळली आणि दूधवाल्याच्या गुडघ्याचा चुरा झाला. गाडी ओढून आणायला मी गेलो होतो. उजव्या नटात पिनेचा तुकडा अडकला होता. एकाच तारेला दोन वाकणी, एक जुनी, एक ताजी. तो तुकडा याच पाकिटात आहे.

अपघाताचे तपासनीस गॅरेजात आले. माझ्या देखत धाकटा म्हणाला, "साहेब, पुढचं सगळं दादाच बघतो. मी आपला पाने देतो."

मी तोंड उघडणार, तोच आईने मला आत ओढले. "त्याच्या पदरात पोर आहे. तुझ्यामागे कोण रडणारंय? मोठा आहेस, गप्प बस."

मी गप्प बसलो. पाटीवरचे माझे नाव पुसले गेले. गिऱ्हाइके विचारू लागली, "मोठ्याने हात लावला नाही ना?" धाकटा हसून म्हणायचा, "छे छे, त्याला मागेच ठेवलाय." तेव्हापासून स्वतःच्या गॅरेजात मी मागच्या दाराने येतो. उजवी बाजू मी डोळ्यांनी तरी तपासायला हवी होती. पद्धतीचा मान राखला आणि तपासली नाही. तेवढी चूक माझी. बाकीची मी कबूल करीत नाही.

आई गेल्यावर दूधवाल्याकडे गेलो. काठी टेकत तो दारापर्यंत आला. "आई गेल्यावर वाचा फुटली होय रे? तो म्हणतो तू, तू म्हणतोस तो. मी काय माझ्या गुडघ्याला विचारू?" आणि दार लावले. त्याचे काही चुकले नाही.

भंगारात गेलेली ही गाडी मी परत आणली. तडकलेले पाटे बदलले, चाके ज्यांवर वळतात त्या किंग पिन बसवल्या, स्टिअरिंगची ढिलाई दोन बोटांवर आणली. डावे चाक पुरे केले. उजव्या नटात मात्र पिन घातलेली नाही.

तेव्हा अट अशी. या कागदाची प्रत मिळाल्यापासून तीस दिवसांत, मी असलो काय, नसलो काय, धाकट्याने दूधवाल्यासमोर गाडीखाली निजावे, उजवी पिन स्वतःच्या हाताने बसवावी आणि त्या दिवशी कोणती बसवली होती ते मोठ्याने सांगावे. तसे केल्यास गॅरेजातला माझा अर्धा हिस्सा आणि ही गाडी त्याची. न केल्यास दोन्ही दूधवाल्याची. मग भागीदार म्हणून त्याने पाय लांब करून रोज दारात बसावे.

खरे तर मी असे लिहिले होते की, धाकट्याने जुनी पिन घालून गाडी उतारावरून न्यावी. वकिलांनी चष्मा काढला. "मिस्त्री, हे मृत्युपत्र आहे. सुपारी नव्हे." ते वाक्य खोडले आहे. खोडले म्हणून मनातून गेले असे समजू नये.

मेल्यावर वाचले जाणारे मृत्युपत्र माझ्या काय कामाचे? म्हणून उद्या सकाळी दहाला वकील एक प्रत दूधवाल्याला आणि अकराला दुसरी धाकट्याला देतील. धाकट्याला मी ओळखतो. तो धावत येईल, खाटेशी बसेल, माझा हात धरून 'दादा, दादा' करील, हा कागद फाडायला सांगेल. मी कूस बदलून खिडकीकडे बघेन. तोवर दूधवाला आवारात खुर्ची टाकून बसलेला असेल. धाकट्याला जे बोलायचे ते त्याने तिकडे जाऊन बोलावे.

स्थळ : गॅरेजमागची खोली
दिनांक : १४ नोव्हेंबर, शुक्रवार
सही : मोठा मिस्त्री

आम्हा दोघांदेखत मिस्त्रींनी सही केली व त्यांच्या समक्ष आम्ही केली.
साक्षीदार १ : डॉक्टरीणबाई (सही)
साक्षीदार २ : समोरचा टायरवाला (सही)